आमच्या शेजारचा हेटमन

आमच्या रस्त्यावरची मीटिंग मोडून टाकायचा अधिकार फक्त एका माणसाला होता, आणि तो त्यानं स्वतःच स्वतःला दिलेला होता. आम्ही नॉटिंगहॅमला राहायला आलो त्याच वर्षीची गोष्ट. पार्किंग परमिट लागू करायचं की नाही, यावर रहिवाशांचं मत घ्यायला कौन्सिलच्या एक बाई चर्चच्या हॉलमध्ये आल्या होत्या. चहा, बिस्किटं, सगळं शिस्तीत चाललेलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून निळ्या सुटातले एक उंच गृहस्थ उठले आणि म्हणाले, "मी परवानगी देत नाही." एवढंच बोलून टोपी घालून निघाले. दारापाशी पोचल्यावर वळून पाहतात, तर लोक आपले बसलेलेच. त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं. "अजून बसलात? मीटिंग संपली," ते म्हणाले.

हा काय प्रकार होता ते मला पुढे कळलं. जुन्या पोलंडच्या संसदेत म्हणे कुठल्याही एका सरदारानं उभं राहून "परवानगी देत नाही" म्हटलं, की अख्खं अधिवेशन तिथल्या तिथे मोडायचं. झिग्मुंट गाव्रोन यांचं म्हणणं असं, की त्यांच्या घराण्याला तो अधिकार होता आणि तो काढून घेतल्याचं पत्र त्यांना कधी आलेलं नव्हतं. परमिट लागू झालं. झिग्मुंटनी ते शेवटपर्यंत घेतलं नाही. अर्थात त्यांच्याकडे गाडीही नव्हती.

आमच्या डाव्या भिंतीपलीकडे ते चौदा वर्षं होते. गेल्या जानेवारीत गेले. जन्म इंग्लंडमधलाच, महायुद्धानंतर इथे अडकून राहिलेल्या पोलिश सैनिकांच्या छावणीतला. वडील सैन्यातून सुटले ते थेट इथल्या कोळशाच्या खाणीत उतरले. झिग्मुंटनी खाणीत जायला साफ नकार दिला आणि खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायचं काम शिकले. बायको आम्ही येण्याआधीच वारलेली, मूलबाळ नाही. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये दिवसभर त्यांची ठोकठोक चालायची. तोंडात दहाबारा चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून ते एकेक ओठावर आणायचे, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाला चिकटवायचे आणि ठोकायचे. त्या चुका ओठांत असतानाही ते बोलायचे, आणि ते बोलणं समजून घ्यायला मला वर्षभर लागलं.

चार वाजले की ठोकठोक बंद. मग ते लिहायला बसायचे. लिहायचे ते एकच पुस्तक, गेली तीस वर्षं. हेटमनचं चरित्र.

हेटमन म्हणजे जुन्या पोलंडचा सरसेनापती. आपल्याकडचा सरनोबत म्हणा, फक्त याचं दरबारातही तेवढंच वजन. झिग्मुंटचा हेटमन साडेतीनशेएक वर्षांपूर्वीचा. त्यानं लढाया मारल्या, तह केले, एक गाव वसवलं, एका राजाला गादीवर बसवायला मदत केली आणि मग त्याच राजाशी जन्मभर भांडला. झिग्मुंट त्याच्याविषयी असं बोलायचे, की हा माणूस पलीकडच्या रस्त्यावर राहतो आणि आत्ताच दूध घेऊन गेला. धुकं पडलं की म्हणायचे, "आज हेटमनचा पाय दुखत असणार." हेटमनला संधिवात होता. शेवटच्या लढाईला तो म्हणे पालखीत बसून गेला होता, आणि पालखीतूनच हुकूम सोडून जिंकला. या गोष्टीचा झिग्मुंटना फार अभिमान. स्वतःचा खुबा बदलून घेतल्यावर तर जास्तच.

कारण हेटमन त्यांचा पूर्वज होता. हे त्यांनी मला पहिल्या भेटीतच सांगितलं आणि पुरावा म्हणून उजव्या हाताची करंगळी पुढे केली. करंगळीत एक जाड, झिजलेली सोन्याची अंगठी, वर हेटमनच्या घराण्याचं चिन्ह. वडिलांनी ती खाणीत गळ्यात दोरा बांधून वापरली होती. पोलिश क्लबात सगळे झिग्मुंटना "हेटमन" म्हणूनच हाक मारायचे, आणि तेही मान किंचित हलवून ती हाक स्वीकारायचे.

माझी त्यांची खरी ओळख खुर्चीवरून झाली. चॅरिटी शॉपमधून मी एक जुनी आरामखुर्ची आणली होती. कापड फाटलेलं, बाकी भक्कम. म्हटलं, वरून नवं कापड चढवून द्या. झिग्मुंटनी खुर्ची उलटी केली, वास घेतला आणि म्हणाले, "वरून चढवणारे लोक दुसरे. पत्ता देतो." मग मी मुकाट्यानं खुर्ची त्यांच्या ताब्यात दिली. त्यांनी तिची चार कापडं काढली, एकाखाली एक. त्याखालचं तागाचं पोतं काढलं, आत भरलेले घोड्याचे केस काढले, धुतले, पिंजले, वाळवले. नुसता लाकडाचा सांगाडा उरला तेव्हा मला बोलावून म्हणाले, "आता बघा. ही तुमची खुर्ची." पाच आठवडे लागले. खुर्ची परत आली तेव्हा सोबत एक पाकीट. आत एक विणायची सुई, एक छोटा चमचा, कोणाच्या तरी चष्म्याची काच आणि दोन केसांचे आकडे. वर लिहिलेलं, "खुर्चीतून निघालेल्या वस्तू."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथल्या एका हॉस्पिटलच्या फॉल्स क्लिनिकमध्ये काम करते. म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून काय करायचं, आणि पडलंच तर जमिनीवरून उठायचं कसं, हे शिकवण्यात माझी नोकरी चालली आहे. मी डॉक्टर नाही, हे मी झिग्मुंटना शंभर वेळा तरी सांगितलं असेल. ते मला डॉक्टरच म्हणायचे. "हेटमनचा वैद्यसुद्धा न्हावी होता," असं त्यांचं त्यावरचं समाधान.

दर उन्हाळ्यात पुण्याहून माझ्या सासूबाई यायच्या. पहिल्याच भेटीत झिग्मुंटनी कुंपणावरून वाकून त्यांचा हात हातात घेतला आणि त्यावर ओठ टेकले. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. त्या हात तसाच पुढे धरून घरात आल्या. "अगं, हे काय गं?" मी म्हटलं, त्यांच्याकडे बायकांना मान देण्याची तशी पद्धत आहे. माझा नवरा मिलिंद पेपरमागून म्हणाला, "आई, रिलॅक्स. ही इज लाइक दॅट विथ एव्हरीवन. आमच्या पोस्टवुमनला पण करतात." पोस्टवुमनचं नाव काढायला नको होतं, असं सासूबाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. तरी दुसऱ्या दिवशी त्या इस्त्रीची साडी नेसून कुंपणाशी हजर.

मग दोघांचं जमलंच. सासूबाईंचं इंग्रजी बेताचं, म्हणून मी दुभाषी. तिकडून खसखशीचा केक यायचा, इकडून अनारसे जायचे, आणि मध्ये पूर्वजांची देवाणघेवाण. आमच्या सासरचे मूळपुरुष पानिपतावर होते. आपल्याकडे सगळ्यांचेच असतात. सासूबाई ते सांगायच्या आणि झिग्मुंट टोपी काढून ऐकायचे. मग ते हेटमनचं एक प्रकरण वाचून दाखवायचे. गेल्या वर्षीच्या जुलैत त्यांनी सगळ्यात आवडतं प्रकरण काढलं, हेटमनच्या अंत्ययात्रेचं.

पोलंडच्या सरदारांना म्हणे साधं मरण माहीत नव्हतं. शवपेटीच्या डोक्याशी पत्र्यावर रंगवलेलं मेलेल्या माणसाचं चित्र लावायचे, म्हणजे तो आपल्याच अंत्यविधीला आलेल्या लोकांकडे बघत राही. हेटमनच्या वेळी चर्च गच्च भरलं होतं. मंत्र म्हणून झाले, आणि एकदम मोठे दरवाजे उघडले. हेटमनच्याच घोड्यावर, हेटमनचंच चिलखत घातलेला एक स्वार टापा वाजवत थेट आत आला. शवपेटीपर्यंत आला, हातातला भाला मोडून टाकला, आणि घोड्यावरून सगळ्या लोखंडासकट दगडी फरशीवर धाडकन पडला. हेटमन पडला, असं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहावं म्हणून. झिग्मुंटचा आवाज इथे दरवेळी कापायचा.

मी भाषांतर केलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यांना विचार, त्या स्वाराचं पुढे काय झालं? दगडावर असं पडायचं म्हणजे खुबा मोडतो गं माणसाचा."

झिग्मुंटनी हात झटकला. "असेल कोणीतरी. नोकर."

"नोकर असला म्हणून काय त्याला लागणार नाही?" सासूबाई म्हणाल्या. हे मी भाषांतरात जरा मऊ केलं.

चार दिवसांनी झिग्मुंट कुंपणाशी आले. दाढी केलेली नव्हती. "तुमच्या सासूबाईंनी विचारलं ते मी तीस वर्षांत स्वतःला विचारलं नाही," म्हणाले. "पुस्तकात भोक राहतंय." त्यांच्याकडे ना कॉम्प्युटर ना ईमेल. हेटमनच्या गावातल्या चर्चच्या पाद्रीबुवांना त्यांनी सांगितलेलं पत्र मी माझ्या ईमेलवरून पाठवलं. पोलिश अक्षरं त्यांनी एकेक करून मला दाखवली. अंत्यविधीत घोड्यावरून पडलेला स्वार कोण होता, एवढाच प्रश्न.

दरम्यान पुस्तक छापायला गेलं. क्लबनं ते अंगावर घेतलं होतं. नोव्हेंबरमधल्या त्यांच्या वार्षिक समारंभात झिग्मुंटचं भाषण, आणि पुस्तक नाताळात. ऑक्टोबरात प्रूफ आलं. पहिल्याच पानावर वंशवृक्ष, सगळ्यात वर हेटमन, सगळ्यात खाली झिग्मुंट. ते पान त्यांनी मला दोनदा दाखवलं.

आणि त्याच आठवड्यात पाद्रीबुवांचं उत्तर आलं. सोबत एका जुन्या कागदाचा फोटो. त्या काळच्या एका मठवाश्यानं अंत्यविधीचं वर्णन लिहून ठेवलं होतं. मी प्रिंट काढून झिग्मुंटना हाक मारली. आमच्या किचनमध्ये बसून त्यांनी ते वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चहा तसाच राहिला. मग कागदाची चौपदरी घडी करून खिशात घातली, उठले, आणि पहिल्यांदाच माझा हात हातात न घेता निघून गेले.

तीन आठवडे शेडमधून आवाज नाही. भिंतीपलीकडची ती ठोकठोक आपल्याला इतकी हवी असते, हे मला तेव्हा कळलं. एका रविवारी ते आपणहून आले आणि तोच कागद टेबलावर पसरला. एका ओळीवर बोट ठेवलं.

"स्वाराचं नाव आहे," म्हणाले. "याकुब गाव्रोन. हेटमनच्या पागेतला मोतद्दार."

गाव्रोन हे तर त्यांचंच आडनाव. त्यांनीच पुढचं वाचून सांगितलं. याकुब इतका खरा पडला, की चर्चमधल्या बायका किंचाळल्या. मांडी मोडली. पुढे जन्मभर तो लंगडा झाला, घोड्यावर बसणं संपलं. हेटमनच्या विधवेनं त्या दिवशी त्याच्या अंगावर हेटमनचं जे काही चढवलं होतं, त्यातली अंगठी त्यालाच देऊन टाकली. आणि हेटमनला मूल नव्हतंच. तेही त्याच कागदात होतं.

"वडील खोटं बोलले नाहीत," झिग्मुंट म्हणाले. "त्यांना त्यांच्या वडिलांनी तसं सांगितलं. अंगठी हेटमनची, मग आपणही हेटमनचे. साडेतीनशे वर्षं कोणी विचारलंच नाही."

त्यांचे हात टेबलावर होते. करंगळीत अंगठी नव्हती आणि तिथली कातडी पांढरी पडलेली. मला फार वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या भरात मी जे बोलले, त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, "झिग्मुंट, राहू द्या ना. पाद्रीबुवा आणि आपण, कोणाला माहीत आहे? पुस्तक आहे तसं छापू द्या. क्लबात सगळे तुम्हाला हेटमन म्हणतात. या वयात कशाला?"

ते म्हणाले, "तुमची खुर्ची मी वरून चढवून दिली असती, तर तुम्हाला कळलं असतं?"

"नसतं कळलं."

"मला कळलं असतं." मग म्हणाले, "पण ते लोक खाली बसलेले असतील, आणि मी वर उभा. तोंड उघडायला धीर होईल असं वाटत नाही, डॉक्टर. सत्तर वर्षं मी दुसरा कोणी नव्हतोच." प्रूफ अजून त्यांच्याकडेच पडून होतं. भाषणाला दहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बेल. दारात झिग्मुंट. "मला पडायला शिकवा," म्हणाले.

मी खरंच चिडले. बदललेला खुबा, वय पंचाहत्तर. आयुष्यभर मी लोकांना पडू नका म्हणून सांगतेय, आणि हे माझ्याच दारात येऊन असलं काहीतरी मागतायत. मी सरळ नाही म्हटलं. आतून मिलिंद ओरडला, "झिग्मुंट, शी विल लूज हर जॉब!" शेवटी तडजोड झाली. पडायचं मी शिकवणार नाही, पण उठायचं शिकवेन. समोरच्या खोलीतलं टेबल सरकवून मी त्यांना हळूच कार्पेटवर निजवलं. आधी घाबरायचं नाही, श्वास घ्यायचा. कुशीवर वळायचं. कोपरावर यायचं, मग हात आणि गुडघे. रांगत खुर्चीपर्यंत जायचं, खुर्चीवर दोन्ही हात, धडधाकट पाय पुढे, आणि मग उठायचं. त्यासाठी त्यांनीच केलेली ती आरामखुर्ची आम्ही वापरली. आठ दिवस रोज तेच. पडण्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, तेव्हा मला वाटलं, खूळ डोक्यातून गेलं. शेडमधली ठोकठोक मात्र परत सुरू झाली होती.

क्लबच्या समारंभाला मी आणि मिलिंद गेलो. दीडदोनशे माणसं, जाकिटांवर पदकं, बायकांच्या गळ्यात पोवळी. झिग्मुंट आले तसे सगळे उठले. हातात काठी, तोच निळा सूट, पण त्यात ते जरा जाड दिसत होते. क्लबच्या सेक्रेटरी बार्बराबाई माझ्या शेजारी बसून त्यांचं पोलिश मला हलक्या आवाजात इंग्रजीत सांगत होत्या.

स्टेजवर उभं राहून त्यांनी अंत्यविधीचंच प्रकरण घेतलं. चित्र, मंत्र, उघडलेले दरवाजे, टापांचा आवाज. लोकांना ते पाठ होतं, तरी ऐकत होते. स्वार शवपेटीपाशी आला, इथवर आल्यावर झिग्मुंट थांबले. इथे त्यांचा आवाज कापायचा. या वेळी कापला नाही. बोलणंच बंद पडलं. अर्धा मिनिट, एक मिनिट. लोक चुळबुळायला लागले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला मनात वाटलं, नाही सांगितलं तरी चालेल हो, बसा खाली.

त्यांनी खिशातून अंगठी काढून टेबलावर ठेवली. "या स्वाराचं नाव होतं याकुब गाव्रोन," ते म्हणाले. बार्बराबाई भाषांतर करता करता गप्प झाल्या. मला पुढचं भाषांतर लागणार नव्हतं. मोतद्दार, अंगठी, नसलेला वंश, सगळं त्यांनी सांगितलं, चुका ठोकाव्यात तसं एकेक, न अडखळता. मग म्हणाले, "मी सत्तर वर्षं सांगत आलो की मी हेटमन आहे. मी हा आहे."

आणि ते पडले. काठी हातातून उडाली, कोटाच्या खिशातला चुकांचा डबा फरशीवर आपटून उघडला आणि चुका खळाळत पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांखाली गेल्या. बायका किंचाळल्या. सगळा हॉल उभा राहिला, चारपाच पुरुष धावले. मी कशी ओरडले मला माहीत नाही, पण मी मराठीत ओरडले, "कोणी हात लावू नका!" कोणाला ते कळायचं कारण नव्हतं. तरी सगळे होते तिथे थांबले.

झिग्मुंट निपचित पडून होते. मी मोजत होते. मग छाती हलली. ते कुशीवर वळले. कोपरावर आले. हात, गुडघे. एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर रांगत टेबलाजवळच्या एका साध्या खुर्चीपर्यंत गेला, त्याला जरासुद्धा घाई नव्हती. दोन्ही हात खुर्चीवर, धडधाकट पाय पुढे. उभे राहिले. चेहरा लाल झाला होता.

"हेटमन परत उठला नाही," धापा टाकत ते म्हणाले. "याकुब उठला आणि लंगडत घरी गेला. म्हणून मी आहे."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. काय करावं ते लोकांना कळत नव्हतं. झिग्मुंट टेबलाला धरून उभे होते आणि त्यांना कुठे जायचं ते समजत नव्हतं. वर त्यांच्यासाठी मांडलेल्या मानाच्या खुर्चीकडे त्यांनी बघितलंही नाही. पायऱ्या उतरून खाली आले. पहिल्या रांगेत क्लबातल्या सगळ्यात वयस्कर बाई बसल्या होत्या, नव्वदीच्या पुढच्या, आणि दर वर्षी भाषण झालं की झिग्मुंट आधी त्यांच्याकडे जायचे. या वेळी ते मान खाली घालून त्यांच्यासमोरून पुढे निघाले. बाईंनी आपला हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

झिग्मुंट थांबले. परत आले. तो हात हातात घेऊन ते खाली वाकले, नेहमीपेक्षा जरा जास्तच. वाकताना कोटाची कमरेपाशी घातलेली शिवण उसवली, आणि आत खुब्यावर नीट थर लावून भरलेले घोड्याचे केस बाहेर आले.